चंद्रोदयानंतर पेटलेली चूल

केळझर हे आमचे जन्मगाव नव्हे. जन्म वसईचा, नोकरी नागपूरची आणि निवृत्तीनंतरचा निवारा केळझरचा, अशी आम्हा दोघांची वाटचाल. नागपूरहून वर्ध्याकडे जाताना बुटीबोरी मागे पडली, की सेलूच्या अलीकडे हे गाव लागते. विदर्भातील माणसाला गावाची ओळख करून द्यावी लागत नाही. केळझरचा सिद्धिविनायक म्हटले की पुरे. विदर्भाच्या अष्टविनायकांत त्याची गणना होते. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, असे गावकरी श्रद्धेने सांगतात. पांडव वेश पालटून एका ब्राह्मणाच्या घरी उतरले ते येथे, आणि गाडाभर अन्न, दोन रेडे व एक माणूस असा ठरलेला खुराक मागणाऱ्या बकासुराला भीमाने मारले तेही येथेच.

अशा गावात आमच्या माहितीप्रमाणे कॅथलिक घर एकच, ते आमचे. गावाच्या कडेला दोन एकर वावर, त्यात चार खोल्यांचे घर, आंब्याची तीन झाडे आणि संत्र्याची काही. कुंपणापलीकडे एका शेतकरी कुटुंबाचे घर आहे. त्या घरच्या थोरल्या बाईंना आम्ही वहिनी म्हणतो. आम्ही राहायला आलो त्या पहिल्या उन्हाळ्यापासून वहिनींकडून दर दोन दिवसांनी ताकाची कासंडी येऊ लागली. कोणी मागितले नव्हते, कोणी हिशेब ठेवला नाही. कासंडी कधी भेंड्या घेऊन परत जाई, कधी लिंबे घेऊन. रिकामे भांडे परत पाठवू नये, हे वसईच्या आमच्या आईचे शिकवणे केळझरलाही लागू पडले.

वाचकहो, ही कासंडी एकदा बंद झाली होती. आज सांगायची आहे ती गोष्ट तिचीच, पण तिची वाट एका लोखंडी पिंपातून जाते.

आमचा पुतण्या अमेरिकेत टेक्सास राज्यात ह्यूस्टनला असतो. तेथे मांस धुरावर सावकाश शिजवण्याची मोठी परंपरा आहे. बार्बेक्यू हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरील तैनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये ‘बार्बाकोआ’ म्हणून आला आणि तेथून इंग्रजीत गेला. विस्तवावर उंच बांधलेली काठ्यांची मांडणी, हा त्याचा मूळ अर्थ. पुतण्या फोनवर या विद्येचे इतके वर्णन करी की २०२२ च्या नाताळात आपणही हे करून पाहावे असे आमच्या मनाने घेतले. सेलूच्या एका वेल्डरकडून दोनशे लिटरचे पिंप तयार करून घेतले. खाली निखाऱ्यांची टोपली, तिच्यावर पाण्याची परात ठेवायला कडे, त्यावर एकावर एक तीन जाळ्या, झाकणात धुराडे आणि कडेला तापमापक. रंग आणि तेल पार जळून जावे म्हणून पिंप आधी दोनदा रिकामेच धगधगून तापवले.

हे सारे आम्हाला अगदीच परके नव्हते. वसईला आजीच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर एक आडवी काठी टांगलेली असे आणि पावसाळ्यापूर्वी तिच्यावर चोरिसच्या माळा चढत. डुकराचे मांस, मिरची, लसूण आणि शिरका यांचे मिश्रण आतड्यात भरायचे, उन्हात सुकवायचे आणि मग चुलीच्या धुरावर सोडून द्यायचे. ही कला पोर्तुगीजांबरोबर आली. गोवा त्यांनी १५१० साली घेतला, वसई त्यांच्याकडे १५३४ साली गेली आणि १७३९ पर्यंत राहिली. मिरचीही त्यांच्याच गलबतांतून अमेरिकेहून आपल्याकडे पोहोचली. आजीला या सनावळ्या ठाऊक नव्हत्या. धुरातले मांस श्रावण संपेपर्यंत टिकते, एवढे तिला ठाऊक होते आणि तेवढे तिला पुरे होते.

मांस टिकवण्याची विद्या केवळ समुद्रकाठचीच, असा आमचा समज मात्र येथे येऊन गेला. वावरात निंदणाला येणाऱ्या एका बाईंनी आमचे पिंप पाहिले आणि त्यांना त्यांच्या आजीच्या चान्या आठवल्या. मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवायच्या, मडक्यात भरून ठेवायच्या आणि कामाच्या दिवसांत भाजून किंवा कालवणात घालून खायच्या. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील दलित घरांच्या अशा पाककृती नोंदवल्या आहेत. वाळवण असो की धुरी, दोन्हींच्या मुळाशी एकच काळजी, आजचे अन्न उद्याच्या उपाशी दिवसापर्यंत पोहोचवायची.

नाताळच्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही पिंप पेटवले. डुकराचा खांदा, बरगड्यांचा एक ताव, बोकडाची मांडी आणि दोन कोंबड्या, असे सगळे एकदमच आत घातले आणि दुपारी एक वाजता सगळे एकदमच बाहेर काढले. बरगड्या उत्तम झाल्या होत्या. कोंबडी भुशासारखी कोरडी झाली होती. खांद्याला सुरी लागेना, आणि बोकडाच्या मांडीची गतही फारशी बरी नव्हती. पाहुणे सज्जन होते. त्यांनी बरगड्यांची स्तुती केली आणि बाकीच्याबद्दल मौन पाळले.

चूक उघड होती. प्राण्याच्या शरीरातला प्रत्येक भाग वेगळे काम करतो आणि त्याला शिजायला वेगळा वेळ लागतो. खांदा हा जन्मभर राबणारा भाग. त्यातले स्नायू कोलॅजेनने घट्ट बांधलेले असतात. हे कोलॅजेन सत्तर अंशांच्या पुढे अगदी सावकाश विरघळून जिलेटिन होते, म्हणून खांद्याचा गाभा सुमारे ९३ ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत न्यावा लागतो. पिंपातील उष्णता ११० ते १२० अंश ठेवली, तर चार किलोच्या खांद्याला बारा ते चौदा तास हवेत. बरगड्यांना पाच-सहा तास पुरतात. कोंबडीच्या छातीत असे कोलॅजेन जवळजवळ नसतेच. तिचा गाभा ७४ अंशांवर पोहोचला की ती खाण्यास निर्धोक होते. त्यापुढे आच लागत राहिली की रस निघून जातो. अख्ख्या कोंबडीला तीन तासांच्या आसपास वेळ बास.

पुतण्याने फोनवर सारे ऐकून घेतले आणि एकच वाक्य सांगितले, “काका, जेवायची वेळ आधी ठरवा आणि तिथून उलटे मोजत या.” एकत्र शिजवणे म्हणजे एकत्र आत घालणे नव्हे, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले.

पण त्या दिवशीची दुसरी चूक आम्हाला चार-पाच दिवसांनी कळली, आणि तीही कोणी न सांगता. ताकाची कासंडी आली नाही. दुसऱ्या आठवड्यातही आली नाही. मग कोणाकडून तरी समजले, की नाताळच्याच दिवशी वहिनींकडे सत्यनारायणाची पूजा होती. आम्ही ओले लाकूड वापरले होते आणि निखारे पुरते फुलण्याआधीच झाकण लावले होते. त्यामुळे पहिला तासभर दाट पांढरा धूर निघत होता आणि वारा त्यांच्या अंगणाकडे होता. वहिनी तक्रार घेऊन आल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या तर बोलत, हसत. फक्त ताक येईना. भांडण झाले असते तर क्षमा मागता आली असती. न झालेल्या भांडणाची क्षमा कशी मागावी, हे आम्हाला सुचेना आणि तसेच तीन महिने गेले.

उपवासकाळ आला. पुतण्या त्या वर्षी ईस्टरला घरी येणार होता. वसईहून आत्या आणि भावंडे, नागपूरहून जुनी स्नेही मंडळी, असे बावीस जण जमणार होते. चाळीस दिवसांच्या संयमानंतर ईस्टरच्या दुपारी पिंपातले जेवण, असा बेत ठरला. नागपूरच्या एका जुन्या सहकाऱ्यांचे मात्र रोजे चालू होते, म्हणून त्यांचे आमंत्रण आम्ही ईदनंतरवर ढकलले. तेही वेगळ्या चुलीचे आणि वेगळ्या भांड्यांचे, कारण डुकराच्या मांसाच्या पिंपातील बोकड त्यांना चालणार नव्हता. एका विस्तवावर सगळे येत नाही, हेही आमच्या हिशेबात होते.

हिशेबात नव्हते ते भिंतीवरच्या कॅलेंडरात निघाले. ईस्टर २०२३ साली ९ एप्रिलला होता, आणि त्याच चौकटीत संकष्टी चतुर्थी छापलेली होती. या योगात आश्चर्य काही नाही. वसंतसंपातानंतरच्या, म्हणजे २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार तो ईस्टर, असा चर्चचा जुना नियम आहे. संकष्टी येते पौर्णिमेनंतरच्या चतुर्थीला. दोन्ही सण एकाच चंद्राकडे पाहून ठरतात. पौर्णिमा गुरुवारच्या सुमारास आली, की दोघांची गाठ रविवारी पडते. त्या वर्षी ६ एप्रिलची पौर्णिमा गुरुवारची होती.

केळझरची संकष्टी म्हणजे पहाटेपासून सिद्धिविनायकाला माणसांची रांग. कितीतरी घरांत दिवसभर उपास आणि रात्री चंद्र उगवल्यावर जेवण. रविवार असल्याने गर्दी अधिकच. त्यांच्या उपासात आमचे पिंप आदल्या रात्रीपासून धुमसत राहणार होते आणि भर दुपारी मांसाचा वास वाऱ्यावर सुटणार होता.

पुतण्याशी यावरून आमचा वाद झाला. तो गुरुवारी आला होता. त्याचे म्हणणे सरळ होते. “वावर आपले, सण आपला. काहीही बेकायदा करत नाही आपण. मग कोणाला विचारायचे, आणि का? आज वेळ बदलाल, उद्या सणच बदला म्हणतील.” या बोलण्याला उत्तर नाही, असे नव्हे. पण ते टाकून देण्यासारखेही नव्हते. हक्क होता हे खरे. आम्ही केवळ शेजारधर्म म्हणून विचार करत होतो, की गावात आपले घर एकटे आहे या जाणिवेने दबून जात होतो? आमच्यापैकी एकाला पहिले कारण खरे वाटे, दुसऱ्याला अधूनमधून दुसरे. दोन्ही कारणे एकाच मनात असू शकतात, हे आम्ही त्या रात्री एकमेकांजवळ कबूल केले.

उत्तम शुक्रवारच्या संध्याकाळी, क्रूसाची वाट आटोपून आल्यावर, आम्ही दोघे कुंपणापलीकडे गेलो. वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. रविवारचा विषय काढण्याआधी आम्ही नाताळचा काढला. तुमच्या पूजेत आमचा धूर आला, आम्हाला ठाऊक नव्हते, चुकले, असे म्हणालो.

“हो, आला व्हता धुपट,” वहिनी म्हणाल्या. “सोवळ्यात बसलो व्हतो आम्ही. पण तुमाले मालूम नव्हतं, मंग बोलून काय करता?”

मग आम्ही रविवारचा बेत सांगितला आणि अडचणही सांगितली.

“बाप्पा! सन तुमचा, वावर तुमचं. आमाले काऊन इचारता?” त्या म्हणाल्या. थोडा वेळ सुपातले खडे वेचत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “पण एक सांगू का भाऊ? आमचा उपास चंद्रावर सुटते. मंग रातभर काय बी करा ना तुम्ही. तुमच्या त्या पिंपाले तसंही रातभरच लागते म्हनता.”

तोडगा असा त्यांच्याकडून आला, आणि तो आमच्या उलट्या मोजणीत चपखल बसला. रविवारी चंद्रोदय रात्री दहाच्या सुमारास. तेव्हा पिंप पेटवले, तर जेवण सोमवारी दुपारी दीडला. ईस्टरचा आनंद एका दिवसात संपत नाही. चर्च तो आठ दिवस साजरा करते आणि सोमवारही त्यातलाच. पण सोमवार कामाचा दिवस होता. बावीसांपैकी सात जणांना रविवारी संध्याकाळीच परतणे भाग होते. त्यांना आम्ही दुपारी अंड्याचे कालवण, पोळ्या आणि पुलाव वाढून निरोप दिला. त्यांतला एक भाचा केवळ या पिंपासाठी मुंबईहून आला होता. तो हसतच गेला, पण वेळ बदलण्याची किंमत आमच्याऐवजी त्याने भरली, ही टोचणी आम्हाला अजून आहे.

शनिवारी रात्री शहरातील चर्चमध्ये जागरणविधी झाला. अंधारात नवा अग्नी पेटला, त्यावरून पास्कामेणबत्ती आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातील मेणबत्ती. दुसऱ्या रात्री पिंपापाशी बसलो तेव्हा तो अग्नी आमच्या मनात होता.

त्या आठवड्यात विदर्भावर अवकाळी पावसाचे सावट होते, म्हणून पिंपावर टिनाचे छप्पर उभारून ठेवले होते. रविवारी रात्री चंद्र ढगांआड राहिला. तरी वेळ कॅलेंडरात छापलेली होती. वहिनींच्या घरून ताटवाट्यांचा आवाज आला, तेव्हा आम्ही काडी ओढली. या वेळी बाभळीचे कोळसे उघड्यावर पुरते फुलू दिले आणि त्यावर संत्र्याच्या सुक्या लाकडाचे दोनच तुकडे ठेवले. पऱ्हाटी अंगणात ढीगभर होती, पण कापसावर फवारलेल्या औषधांच्या शंकेने तिला हात लावला नाही. लाकूड नीट सुके आणि हवा पुरेशी असली, की धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसण्याइतका निघतो. लाकडातील लिग्निन तापून फुटते आणि त्यातून ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी द्रव्ये तयार होतात. मांसाला हवीशी चव आणि वास येतो तो त्यांच्यामुळे. ओल्या, गुदमरलेल्या लाकडाचा दाट पांढरा धूर मांसावर कडू काजळी चढवतो. नाताळात शेजाऱ्यांना सोसला नाही तो धूर आमच्या कोंबडीलाही सोसला नव्हता.

सव्वादहाला चार-चार किलोचे दोन खांदे सर्वांत वरच्या जाळीवर गेले. एकाऐवजी दोन खांदे, म्हणून वेळ दुप्पट लागत नाही. उष्णतेला प्रत्येक तुकड्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचायचे असते, म्हणून वेळ ठरतो तो सर्वांत जाड तुकड्याच्या जाडीवरून. एकूण वजन वाढले तर कोळसा मात्र जास्त लागतो. निखारे आणि जाळ्या यांच्यामध्ये पाण्याची परात ठेवली. चरबी थेट निखाऱ्यावर पडली की भडका होतो आणि त्या धुरातली अपायकारक द्रव्ये मांसावर बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवले, आणि धुरावर टिकवलेले मांस त्या व्याख्येत येते. म्हणून हे पिंप आमच्याकडे वर्षातून दोनदाच पेटते.

रात्र पाळीपाळीने जागवली. पहाटे चारच्या सुमारास खांद्याचा गाभा ६८ अंशांवर आला आणि तेथेच थांबला. पाच वाजले, सहा वाजले, काटा हलेना. आम्ही कोळसा वाढवायला निघालो, तर पुतण्याने हात धरला. “थांबा. हे असेच होते.” कारण आमच्या ओसरीवरच्या माठात होते. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि ती वाफ आतली उष्णता घेऊन जाते. म्हणून उन्हाळ्यात पाणी गार. तापणारे मांसही असेच पाझरते. निखारे देतात तेवढी उष्णता ही वाफ काढून नेते आणि तापमान तासन्‌तास अडून बसते. उपाय दोनच, थांबणे किंवा झाकणे. आम्ही दोन तास थांबलो आणि मग दोन्ही खांदे परसातल्या केळीच्या पानांत व वरून ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळले. पाझर कोंडला गेला आणि काटा पुन्हा चढू लागला.

पुढचे वेळापत्रक पाटीवर खडूने लिहिलेले होते. साडेसहाला मधल्या जाळीवर बोकडाची मांडी, साडेसातला तिच्या शेजारी बरगड्यांचे दोन ताव, सव्वानऊला सर्वांत खाली कोंबड्या, आणि अकराला उरलेल्या जागेत आत्याने वसईहून आणलेली चोरिसची माळ. कोंबडी तळाला ठेवण्यामागे दोन कारणे होती. कच्च्या कोंबडीचा रस दुसऱ्या कशावर ठिबकू नये, हे पहिले. या पिंपात खालची जाळी अधिक तापते आणि कोंबडीच्या कातडीला ती आच मानवते, हे दुसरे. दर वेळी थंड मांस आत गेले, की पिंपाचे तापमान वीस-पंचवीस अंशांनी उतरे आणि थोडे निखारे घालून ते परत आणावे लागे. नव्याला जागा देताना आत असलेल्यांना जरा कळ काढावी लागते, असे आत्या म्हणाली. तिचे लग्न पंधरा माणसांच्या घरात झाले होते.

साडेबाराला खांदे काढून, तसेच गुंडाळलेले, बर्फ नसलेल्या शीतपेटीत तासभर विसाव्याला ठेवले. दीड वाजता पंधरा जण आंब्याखाली पंगतीला बसले. खांद्याचे हाड बोटांनी ओढताच निघून आले. बरगड्या, मांडी, कोंबडी, सारे त्या एका घटकेला तयार होते. आत्याने खांद्याचा तुकडा उलटून पाहिला आणि कडेची गुलाबी रेघ दाखवत म्हणाली, “अरे, हे कच्चे राहिले!” पुतण्याने समजावले, की धुरातील नायट्रिक ऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड मांसाच्या रंगद्रव्याला धरून ठेवतात, त्यामुळे कडेला तांबूस वलय राहते. जाणकार ते मुद्दाम शोधतात. आत्याने विश्वास ठेवला नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेतले.

आम्ही जेवत असतानाच कुंपणाचे फाटक वाजले. वहिनींचा नातू आत आला. हातात कासंडी होती, नेहमीची नव्हे, मोठी. “आजीनं पाठोलं. पाहुने हायेत म्हने,” एवढे बोलून तो पळाला. आत जिरे आणि कोथिंबीर घातलेले ताक होते. आम्हा दोघांना काही क्षण बोलता आले नाही. पाहुण्यांना त्यात काय एवढे, ते समजले नाही. समजावत बसण्याची ती वेळही नव्हती.

पांडव या गावात पाहुणे म्हणून राहिले आणि यजमानांवर संकट आले, तेव्हा कुंतीने आपला मुलगा पुढे केला. ही कथा वहिनींनीच आम्हाला पहिल्या वर्षी सांगितली होती. आमच्यावर एवढे मोठे काही करण्याची वेळ आली नाही. काही तास थांबायचे होते, आणि त्याचा अधिक भार आमच्या भाच्यानेच सोसला.

संध्याकाळी कासंडी धुऊन तिच्यात कैऱ्या भरल्या आणि ती परत द्यायला पुतण्यालाच पाठवले. तो बराच वेळ आला नाही. आला तेव्हा म्हणाला, “चहा पाजला त्यांनी. आणि पिंप कसे चालते ते सगळे विचारून घेतले.” मग जरा थांबून त्याने जुना प्रश्न पुन्हा काढला, “पण काका, दर वेळी आपणच थांबायचे का?”

आम्ही पंचांग काढून पाहिले. २०२६ सालीही ५ एप्रिलच्या रविवारी ईस्टर आणि संकष्टी यांचा तोच योग होता. तारीख पाटीच्या कोपऱ्यात लिहून ठेवली. पुतण्याच्या प्रश्नापुढे मात्र ‘हो’ लिहावे की ‘नाही’, हे आम्हाला त्या संध्याकाळी ठरवता आले नाही. त्याला एवढेच म्हणालो, की आधी कुंपणापलीकडे जाऊन विचारू, मग काय ते ठरवू.